जोड्यांची तोंडं

१

आमच्या कावुश-बाबांविषयी मी आजवर जे काही सांगितलंय, त्यातलं निम्मं गाडी चालवताना जुळवलेलं आहे. उरलेलं निम्मं गाडी बंद पडल्यावर. नुरोताच्या डोंगरातला तो रस्ता लांबलचक, यात्रेकरू कंटाळतात, बायकांना गाडी लागते आणि रेडिओ खिंडीच्या अलीकडेच मुका होतो. मग कुणीतरी बोलायला हवं. माझं नाव तोशतेमिर. आमच्या ओक्सोय गावच्या चहाखान्यात कुणी अशक्य काही सांगू लागला, की लोक त्याला विचारतात, "तोशतेमिरच्या गाडीतून आलास का रे?"

हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचून तुम्ही हसलात तर मला राग यायचा नाही. उलट बरंच वाटेल.

बाबांचं खरं चरित्र अगदी छोटं आहे. तरुणपणी ते एका मोठ्या पिराचे शिष्य व्हायला आले. पिरानं त्यांना दाराशी बसवलं, जोड्यांपाशी. आमच्याकडे पाहुणा आत गेला, की यजमानानं त्याचे जोडे उचलायचे, तोंड बाहेरच्या बाजूला करायचं आणि उंबऱ्याशी नीट लावून ठेवायचे. निघताना पाहुण्याला वळावं लागू नये, पाय सरकवले की चालू पडावं. हे काम बाबांनी जन्मभर केलं, म्हणून नाव पडलं कावुश-बाबा, म्हणजे जोड्यांचे बाबा. मेंढपाळाची खेटरं आणि खानाचे जरीचे बूट एकाच हातानं वळवले. पीर गेल्यावर लोक म्हणाले, आता तुम्ही गादीवर बसा. बाबा म्हणाले, "तिथून पाय दिसत नाहीत." वारले ते जोड्यांपाशीच, आणि त्यांना पुरलंही तिथेच.

म्हणून आमच्या दर्ग्याच्या घुमटाखाली काहीही नाही. नुसती रिकामी खोली, पांढरी, वर पारवे. कबर आहे ती बाहेरच्या देवडीत, दाराला लागून. मातीनं लिंपलेला विटांचा ठेंगणा, लांबट उंचवटा. लोक त्याच्या कडेनं जोडे काढतात, आत जातात आणि त्या रिकाम्या खोलीत दाराकडे तोंड करून बसतात. परगावची माणसं पहिल्या खेपेला भलत्याच भिंतीपुढे दुआ मागतात.

बाहेर येऊन बघावं, तर सगळे जोडे देवडीच्या बाहेरच्या दाराकडे वळलेले. यात्रेकरूंच्या डोळ्यांना पाणी येतं. गावाला अर्थात ठाऊक आहे की जोडे मुजावर वळवतो, आणि मुजावर म्हणजे मावलोन-बोबा, माझे सासरे.

२

त्या वर्षी थंडी सरता सरता मावलोन-बोबा छपरावरचा बर्फ ओढायला चढले आणि बर्फाबरोबर खाली आले. मांडीचं हाड मोडलं. गाद्यांवर आडवे पडून त्यांनी मला बोलावलं.

"जावईबापू, मी उठेपर्यंत जोडे तुमच्याकडे."

"बोबा, माझी कंबर वाकत नाही हो."

"तोंड चालतं ना? त्याला सांगा थोडा वेळ गप्प बस, ताकद कमरेत उतरेल."

शेजारी माझी बायको सबोहत फिसकन हसली आणि हसता हसता तिला धाप लागली. तिला असंच व्हायचं. तिच्या काळजातली एक झडप नीट मिटत नव्हती. ताश्कंदच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, वसंतातला नवरोजचा सण होऊन जाऊ दे, मग छाती उघडून नवी बसवू. टिकेल का, असं मी विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, "झडप टिकेल." बायकोचं मी पुन्हा विचारलं नाही.

गाडी मी चुलतभावाला दिली आणि दर्ग्यात बसू लागलो. सबोहत दुपारी जेवण घेऊन यायची आणि मी जेवेपर्यंत आत घुमटाखाली बसायची. ती याच देवडीत रांगली होती. पायात तिचे रबरी कालोश असायचे, आमच्या बायका घालतात ते, काळे, आतून लाल. बाहेरच्या पायरीशी चिखल पुसायची, कबरीला हात लावून तो कपाळाला लावायची आणि कालोश काढून आत जायची.

त्या दुपारी बुखाऱ्याकडचं एक कुटुंब येऊन गेलं होतं. एक म्हातारा आणि सबोहत, एवढेच काय ते आत होते. मी म्हाताऱ्याचे बूट वळवले, सवयीनं तिचे कालोशही वळवले आणि किटली भरायला नळावर गेलो. परत आलो. म्हाताऱ्याचे बूट दाराकडे बघत होते. कालोश आत बघत होते.

वारा असेल, मी म्हटलं. बुटांना सोडून नेमका कालोशांना फिरवणारा वारा. मी ते परत वळवले, भाकरी मोडली, दोन घास खाल्ले. मागे विटेवर रबर घासल्याचा आवाज झाला. छोटासा, कोरडा. कुणी कामाच्या घाईत नसताना करतो तसा.

मी मागे बघितलं. कालोश आत बघत होते.

३

आता मी का घाबरलो, हे सांगायला हवं.

काही वर्षांपूर्वी खिंडीत गाडी तापली होती. मागे बसलेल्या एका जाड बाईला मळमळत होतं. तिचं लक्ष दुसरीकडे वळावं म्हणून मी एक गोष्ट रचली. एक खान लढाईवर निघताना बाबांचा आशीर्वाद घ्यायला आला. बाहेर येऊन बघतो, तर साऱ्या सरदारांचे बूट दाराकडे, एकट्या खानाचे आत वळलेले. खान हसला, बूट घातले, गेला. परतलं ते त्याचं घोडं. "बाबा ज्यांचे जोडे आत वळवतात," मी आवाज खोल नेऊन म्हटलं, "ते पुन्हा बाहेर पडत नसतात." बाई ओकायची विसरली.

गोष्ट चांगली होती, म्हणून पुढल्या खेपेला पुन्हा सांगितली. मग ती माझ्याआधीच गावात पोचायला लागली. आता म्हातारी माणसं ती आजोबांकडून ऐकल्याचं सांगतात. पण ती माझी आहे. घोडंसुद्धा माझंच. तसा संकेत बाबांच्या नावावर कधी कुणी सांगितलेला नाही, कुठे काही नाही, हे माझ्याइतकं खात्रीनं कोण सांगणार?

आणि तरीही मी तिथे भाकरीचा तुकडा हातात धरून बसलो होतो आणि तो तोंडाकडे जात नव्हता.

सबोहत बाहेर आली तोवर मी कालोश पुन्हा वळवून ठेवले होते, आणि वरून हातानं दाबून धरले होते.

"हे काय?" ती म्हणाली.

"चिखल होता. पुसत होतो."

"तुम्ही? चिखल?" तिनं माझ्याकडे निरखून बघितलं. "काय झालंय? तुमचा चेहरा खरं बोलल्यासारखा दिसतोय."

"मधे तू एकदा बाहेर आली होतीस का गं?"

"धाप लागते म्हणून बसते मी आत. येरझाऱ्या कशाला घालू?"

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी मी बाहेरच्या दाराला आतून अडसर लावला. कुणी पोर खोड्या काढत असेल तर कळेल, असं मनाशी म्हटलं. देवडीत मी एकटा, घुमटात ती एकटी. मी कालोश वळवले आणि अडसर नीट बसलाय का ते बघायला पाठ फिरवली, तेवढ्यात आवाज आला.

एक चमत्कारिक गोष्ट लक्षात आली. कालोश वळायचे तेव्हा जोडीनं, अगदी सरळ, टाचेला टाच लागून. मी महिनाभर जोडे वळवत होतो, पण माझे कधी इतके नीट लागले नाहीत.

४

ताश्कंदला निघायच्या आदल्या दिवशी मी ठरवलं, पाठ फिरवायची नाही.

भर दुपार होती. बाहेर जर्दाळू फुललेले. देवडीच्या छताला धुराड्यासाठी एक भोक आहे, त्यातून उन्हाचा पट्टा खाली येतो आणि समोरच्या भिंतीवर पडतो. कबर सावलीत असते. मी कालोश वळवले, बाहेरच्या दाराच्या फळीमागे उभा राहिलो आणि फटीला डोळा लावला. आतून सबोहतच्या माळेचे मणी ऐकू येत होते. टक. टक. मग थोडा वेळ काही नाही, मग टक. धाप लागली की ती थांबायची.

मी कालोशांवर नजर रोवून होतो. पापणी मिटायची नाही असं ठरवलं, की डोळ्यांत किती वाळू आहे ते कळतं. पारवे गप्प झाले. मणीही थांबले. मी मनात म्हटलं, तोशतेमिर, तू वेडा आहेस, रबराच्या जोड्यावर पहारा ठेवून उभा आहेस, हे चहाखान्यात सांगितलंस तर लोक पहिल्यांदाच विश्वास ठेवतील.

आणि मग मला दिसलं की मी चुकीच्या गोष्टीकडे बघतोय.

कालोश नव्हेत. त्यांच्या शेजारचा उंचवटा. इतके दिवस मी तो बघत होतो. मातीनं लिंपलेला, मधे फुगीर, एका टोकाला उतरता. त्या क्षणी मला दिसलं, की ती पाठ आहे. कुणीतरी अगदी खाली वाकून बसलंय, माझ्याकडे पाठ करून, डोकं विटांपर्यंत झुकवून, मातकट झग्यात. मणक्यांची ओळ वर दिसत होती. आणि ती पाठ हळूच, कामात गढलेल्या माणसाची हलते तशी, उजवीकडे कलली.

रबर घासल्याचा आवाज आला.

मग तो उंचवटाच होता. माती, विटा, माझ्या सासऱ्यांनी गेल्या वर्षी लिंपताना उमटलेली बोटं. कालोश आत बघत होते.

मी पळालो नाही. खरं म्हणजे मला भीती वाटली असं म्हणायचीही सोय नाही. आयुष्यभर मी या माणसाच्या नावावर घोडी, खान, साप, गारा, काय काय खपवलं होतं, आणि तो इतका वेळ खाली वाकून लोकांचे जोडे लावत होता. डोकंसुद्धा वर न करता. माझे गुडघे आपसूक टेकले. बोलायला गेलो तर एकही गोष्ट सुचेना.

"माझं घर रिकामं करू नका," एवढंच कसंबसं म्हणालो.

आत मणी पुन्हा वाजू लागले.

५

संध्याकाळी मी सासऱ्यांजवळ जाऊन बसलो. सबोहत अंगणात तंदूर पेटवत होती, प्रवासाच्या भाकऱ्यांसाठी. मी आवाज खाली आणून सगळं सांगितलं. म्हटलं, आता हे म्हणतील, जावईबापू, गाडीतल्या गोष्टी गाडीत.

मावलोन-बोबा छताकडे बघत पडले होते. तसेच म्हणाले, "चेहरा दिसला?"

"नाही. पाठ."

"हं. पाठच दिसते." त्यांनी चहाची वाटी माझ्याकडे सरकवली. "चेहरा जोड्यांकडे असतो त्यांचा."

मी वाटी घेतली.

"बोबा, जोडे आत. तिचे जोडे आत वळवतात ते."

"मग?"

"मग म्हणजे काय? खानाची ती गोष्ट..."

"खान तुमचा. घोडं तुमचं. मला कशाला सांगता?" म्हातारा कुशीवर वळायला गेला आणि कळवळला. "जावईबापू, एक सांगा. या घरात तुम्ही पहिल्यांदा आलात, तुमचे बूट कुणी वळवले?"

"तुम्ही."

"आणि सबोहतचे?"

"तिचे कशाला वळवाल?"

"का नाही वळवणार?"

"ती घरची आहे. घरच्या माणसाचे जोडे कोण वळवतं? पाहुण्याचे..." मी थांबलो.

"पाहुण्याला निरोप असतो," मावलोन-बोबा म्हणाले. "घरच्याला नसतो. लहान होती तेव्हा तिची खेटरं त्या देवडीत कशीही पडलेली असायची. मी हात लावायचो नाही. ज्यांची देवडी आहे, त्यांना ती घरचीच वाटत असेल."

मला एकदम हलकं वाटलं. मी चहा संपवला, हसलोसुद्धा. वाटी खाली ठेवताना मनात आलं, घरचं माणूस असतं ते घरीच राहतं, आणि हे घर तर कबरीचं.

म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघितलं. त्यांच्या मनातही तेच आलं होतं. अंगणातून सबोहतनं हाक मारली, "अहो, सासरे-जावई काय खलबतं करताय? भाकऱ्या जळतायत, कुणीतरी टोपली धरा!"

६

सकाळी ती निरोप घ्यायला दर्ग्यात गेली. मी कालोशांना हात लावला नाही. वळवून उपयोग नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्या लावलेल्या जोडीला माझ्या हातानं विस्कटायचं धाडस आता उरलं नव्हतं.

ती बाहेर आली, खाली बघितलं. "मुजावरसाहेब आज आळसावले वाटतं?"

"घरच्यांचे कोण वळवतं?" मी म्हणालो.

ती हसली. आधाराला कबरीवर तळवा टेकला, लहान मुलीसारखी गोल फिरली आणि पाठमोरी कालोशांत पाय घातले. तळवा तिनं लगेच उचलला नाही.

"ऊब आहे," ती म्हणाली.

"ऊन पडलंय."

ऊन समोरच्या भिंतीवर होतं. तिनं ते पाहिलं आणि गाडीत जाऊन बसली.

ताश्कंदच्या त्या दालनात मी दिवसभर एका खुर्चीवर होतो. शेजारच्यानं विचारलं, कुठले तुम्ही, मी म्हटलं ओक्सोयचे. पुढे बोललो नाही. मी गप्प बसलेला बघायला गावातलं कुणी तिथे नव्हतं, हे बरंच झालं. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले, टोपी काढली, भिंतीला टेकले. म्हणाले, "मधे थोडा वेळ आम्हाला वाटलं..." आणि वाक्य तिथेच सोडलं. "पण आहे. जाऊन बघा."

शुद्धीवर आल्यावर सबोहतचा पहिला प्रश्न होता, "माझे कालोश इथे कुणी आणले?"

"कुणीच नाही. वाटेत घरी थांबून तू बूट घातलेस. कालोश घरी आहेत."

"पायांना फार गार लागत होतं. मग कुणीतरी खाली वाकून घातले मला." तिनं डोळे मिटले. "तोंडं बाहेर करून."

७

उन्हाळा लागल्यावर मी तिला दर्ग्यात घेऊन गेलो. मावलोन-बोबा काठी टेकत उठबस करू लागले होते, पण त्यांना वाकता येत नव्हतं. जोडे माझ्याकडेच राहिले होते. त्या दिवशी मात्र मी मुजावर म्हणून गेलो नव्हतो. दोघंही जोडे काढून आत गेलो, शेजारी शेजारी बसलो, दाराकडे तोंड करून. बराच वेळ. सबोहतला धाप लागत नव्हती. एवढं कानांनी ऐकणं हेच मला पुरेसं होतं.

ती आधी उठून बाहेर गेली आणि उंबऱ्यात थबकली. मी मागून तिच्या खांद्यावरून बघितलं. कालोश दाराकडे वळलेले होते, टाचेला टाच लावून.

"मला पाहुणी केलं," ती म्हणाली. रडत होती की हसत होती, कळेना. "इथे रांगले मी. आणि मला निरोप देतात."

"द्या म्हणावं. हजारदा द्या."

मग तिची नजर बाजूला गेली, आणि माझीही. माझे बूट आत बघत होते. ती झटकन माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"अहो, माझी ओढणी आत राहिली. जरा आणता?"

ओढणी तिच्या डोक्यावर होती. मी म्हटलं, "आणतो." आणि आत गेलो.

दाराच्या फटीतून मला दिसत होतं. ती खाली बसली, माझे बूट उचलले आणि तोंडं बाहेर करून ठेवले. थांबली. विटेवर चामडं घासलं. तिनं ते पुन्हा वळवले. पुन्हा घासलं. ती काही पुटपुटली, दटावल्यासारखं, हट्टी नातेवाइकाशी बोलतात तसं. कबरीच्या शेजारी तिची वाकलेली पाठ, आणि त्या क्षणी मला दोन पाठी दिसल्या. मी डोळे मिटून घेतले. जे एकदा बघायला दिलं जातं, ते दुसऱ्यांदा चोरून बघू नये.

बाहेर आलो तेव्हा तिनं दोन्ही बूट तळव्यांनी गच्च दाबून धरले होते.

"मिळाली ओढणी?"

"नाही."

"डोक्यावरच होती की!" ती हसली, फार मोठ्यानं. "घाला लवकर. चिखल पुसत होते."

मी पाय घातले. तिनं हात काढले.

माझी गोष्ट खरी की सासऱ्यांची, हे मी कुणाला विचारलेलं नाही. मुजावरकी आता माझ्याकडेच आहे. दुपारचं जेवण सबोहत अजून आणते, आणि संध्याकाळी दर्गा बंद करायच्या थोडं आधी काहीतरी निमित्त काढून येते. कधी किल्ली विसरली म्हणते, कधी शेजारणीकडे चालले होते म्हणते. मी घुमटात दिवा मालवायला गेलो की देवडीत चामडं घासल्याचा आवाज येतो, मग तिचं पुटपुटणं, मग पुन्हा आवाज. मी बाहेर येतो तेव्हा बूट तिच्या हातांखाली असतात, दाराकडे बघत.

"किती चिखल करता हो तुम्ही," ती म्हणते. पाऊस पडून महिने झालेले असतात.

"रस्ताच तसा आहे," मी म्हणतो आणि पाय आत सरकवतो. मला काही ठाऊक नाही, असं तिला वाटतं. जन्मभर लोकांना थापा मारल्या, एवढं तरी मला जमायलाच हवं.